निळ्या बाळांचा सुतार

वैद्यकशास्त्रात रोगाला, अवयवाला किंवा शस्त्रक्रियेला ती प्रथम जगापुढे मांडणाऱ्या माणसाचे नाव देण्याची जुनी चाल आहे. नाव एकदा चिकटले की पिढ्यान्‌पिढ्या टिकते. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, पुढे रुग्णाच्या कागदावर उतरवतात. १९४५ साली अशाच एका शस्त्रक्रियेचे बारसे झाले. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, सदोष हृदय घेऊन जन्मलेल्या आणि त्यामुळे अंगाने निळ्या पडलेल्या मुलांना वाचवण्याचा एक मार्ग सापडला. शल्यविशारद डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि बालहृदयरोगतज्ज्ञ डॉ. हेलन टॉसिग या दोघांच्या नावांनी तो 'ब्लॅलॉक-टॉसिग शंट' म्हणून जगभर प्रसिद्ध झाला.

दोन्ही नावे मोठी आणि माणसेही मोठी. पण या बारशाला एक नाव घेतलेच गेले नाही. ज्याने ही शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने खपून प्रत्यक्ष बसवली, तिच्यासाठी सुया आखूड केल्या, आणि पहिल्या बाळाच्या वेळी ब्लॅलॉक यांच्या खांद्यामागे उभे राहून टाका कसा पडतो आहे ते पाहिले, तो माणूस डॉक्टर नव्हता. त्याच्याजवळ कोणत्याही महाविद्यालयाची पदवी नव्हती. तो सुताराचा मुलगा होता, आणि वर्णाने काळा होता. त्याचे नाव व्हिव्हियन थॉमस.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. काळ्या माणसांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेले औदार्य फुल्यांना आपल्या देशबांधवांपुढे उदाहरण म्हणून ठेवायचे होते. कायद्याने ते दास्य १८६५ साली संपले होते. पण कायद्याने संपलेली गोष्ट व्यवहारात किती काळ रेंगाळते, हे पाहायचे असेल तर त्यानंतर पाऊणशे वर्षांनी त्याच देशात एका काळ्या माणसाच्या वाट्याला काय आले, ते पाहावे. थॉमस यांचे आयुष्य म्हणजे त्याचा चालताबोलता पुरावा आहे.

* * *

व्हिव्हियनचा जन्म २९ ऑगस्ट १९१० रोजी लुइझियाना राज्यात झाला. पुढे कुटुंब टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी येऊन स्थायिक झाले. वडील सुतारकाम करीत. त्यांच्या हाताखाली मुलालाही रंधा, करवत आणि पटाशी यांची ओळख लहानपणीच झाली. लाकडाच्या दोन तुकड्यांचा सांधा असा बसला पाहिजे की त्यातून वाराही जाता कामा नये, हा सुताराचा धर्म त्याने घरातच शिकून घेतला. रक्तवाहिन्यांचे सांधे जुळवताना हाच धर्म उपयोगी पडेल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

मुलगा अभ्यासात हुशार होता. काळ्या मुलांसाठी असलेल्या पर्ल हायस्कूलमधून १९२९ साली तो सन्मानाने उत्तीर्ण झाला. त्याला डॉक्टर व्हायचे होते. त्यासाठी तो पैसे साठवीत होता. त्या उन्हाळ्यात फिस्क विद्यापीठात सुतारकाम धरले, म्हणजे गाठीला आणखी चार पैसे लागतील आणि महाविद्यालयात नाव घालता येईल, असा त्याचा हिशेब होता. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. महामंदीची लाट आली आणि सुतारकामही गेले.

फेब्रुवारी १९३० मध्ये एका मित्राच्या ओळखीने त्याला व्हँडरबिल्ट विद्यापीठात काम मिळाले. डॉ. ब्लॅलॉक नावाचे तिशीचे एक शल्यविशारद कुत्र्यांवर प्रयोग करीत असत. त्यांना प्रयोगशाळेत हाताखाली माणूस हवा होता. पगार ठरला आठवड्याला बारा डॉलर. व्हिव्हियनने विचार केला, काही महिने काढू आणि मग शिकायला जाऊ. परंतु त्याच वर्षी नॅशव्हिलमधली त्याची बँक बुडाली. शिक्षणासाठी साठवलेली सगळी पुंजी एका फटक्यात गेली. एकोणिसाव्या वर्षी तात्पुरती म्हणून धरलेली नोकरी जन्मभराची झाली.

* * *

ब्लॅलॉक जॉर्जिया राज्यातले, दक्षिणेकडच्या प्रतिष्ठित गोऱ्या घराण्यातले. बुद्धीने तल्लख आणि स्वभावाने तापट. कामाला लागून फार दिवस झाले नव्हते तोच एका प्रयोगात काही चुकले आणि ते थॉमस यांच्यावर शिव्यांसह बरसले. त्या काळी, त्या प्रांतात, काळ्या नोकराने खाली मान घालून ऐकून घ्यावे अशीच रीत होती. थॉमस यांनी कपडे बदलले, ते ब्लॅलॉक यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि शांतपणे सांगितले की आपल्याला अशा भाषेत बोलून घेण्याची सवय नाही. असेच चालणार असेल तर आपण निघालो. ब्लॅलॉक यांनी माफी मागितली आणि पुन्हा तसे न बोलण्याचे वचन दिले. पुढची चौतीस वर्षे दोघे एकत्र काम करीत राहिले. या नात्याचा पाया त्या दिवशी घातला गेला असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

थॉमस यांनी रसायनशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय पुस्तकांतून व कामातून आत्मसात केले. थोड्याच वर्षांत ते स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करू लागले, नोंदी ठेवू लागले आणि प्रयोगांची आखणीही करू लागले. मोठ्या जखमेनंतर माणूस 'शॉक'मध्ये का जातो, हा तेव्हाचा गहन प्रश्न होता. जखमेतून काही विष तयार होते, अशी समजूत प्रचलित होती. या जोडीने दाखवून दिले की मूळ कारण रक्तवाहिन्यांतून रक्त व द्रव निघून जाणे हे आहे. ते भरून काढले तर रोगी वाचतो. दुसऱ्या महायुद्धात रणांगणावरच्या जखमींना या ज्ञानाचा फार मोठा उपयोग झाला.

आणि विद्यापीठाच्या पगारपत्रकावर थॉमस यांचा हुद्दा काय होता? झाडूवाल्याचा! जो माणूस दिवसभर संशोधकाचे काम करीत होता, त्याची गणना झाडलोट करणाऱ्यांत होत होती आणि वेतनही त्याच हिशेबाने पडत होते. त्यांचे बंधू हॅरोल्ड हे नॅशव्हिलमध्ये शिक्षक होते. काळ्या शिक्षकांना गोऱ्यांच्या बरोबरीने पगार मिळावा म्हणून त्यांनी शिक्षण मंडळाविरुद्ध दावा लावला आणि १९४२ साली तो जिंकला. एका भावाने न्यायालयाचा मार्ग धरला, दुसऱ्याने आपल्या हातांतील कामाचा. दोघांचेही झगडे एकाच अन्यायाशी होते.

ब्लॅलॉक यांच्याविषयी एक गोष्ट मात्र निर्भेळपणे सांगितली पाहिजे. त्यांना एका मोठ्या रुग्णालयाकडून बोलावणे आले तेव्हा थॉमसही बरोबर येतील, अशी अट त्यांनी घातली. तिथे काळ्या माणसाला घेत नाहीत असे उत्तर आले, तेव्हा त्यांनी ते पदच नाकारले. १९४१ साली ते जॉन्स हॉपकिन्सला शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख म्हणून गेले, तेव्हा थॉमसही पत्नी क्लारा आणि दोन लहान मुली यांच्यासह बाल्टिमोरला आले. हॉपकिन्समध्ये त्या काळी काळ्या माणसांना केवळ झाडलोटीची व हमालीची कामे मिळत. स्वच्छतागृहे वेगळी आणि उपाहारगृहे वेगळी. अंगात पांढरा कोट घातलेला काळा माणूस वऱ्हांड्यातून चालला की लोक थबकून पाहात.

* * *

आता थोडे त्या निळ्या बाळांविषयी. मार्सेय येथील फालो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८८ साली एका जन्मजात हृदयविकाराचे नेमके वर्णन केले. त्यात चार दोष एकत्र असतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असते. फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद असते. शरीराकडे जाणारी महारोहिणी थोडी सरकून त्या भोकावर बसलेली असते. आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलण्याच्या श्रमाने उजवा कप्पा जाड होतो. परिणाम असा की पुरेसे रक्त फुप्फुसात जाऊन प्राणवायू घेऊच शकत नाही. बरेचसे अशुद्ध रक्त तसेच शरीरात फिरते. ओठ, नखे, जीभ निळसर होतात. मूल चार पावले चालले की दम लागून उकिडवे बसते. त्या वेळी यावर काहीही इलाज नव्हता. अशी कित्येक मुले बालपणीच दगावत.

हेलन टॉसिग यांनी या मुलांसाठी आपले आयुष्य वाहिले होते. स्त्री म्हणून हार्वर्डने त्यांना वैद्यकाची पदवी नाकारली होती. ती त्यांनी हॉपकिन्समधून १९२७ साली मिळवली. पुढे त्यांची श्रवणशक्ती क्षीण होत गेली, तेव्हा त्या मुलांच्या छातीवर बोटे ठेवून स्पर्शाने हृदयाची स्पंदने जाणून घेऊ लागल्या. त्यांच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. गर्भात असताना बाळाची फुप्फुसे काम करीत नसतात, म्हणून फुप्फुसाची रोहिणी आणि महारोहिणी यांना जोडणारी एक छोटी नलिका निसर्गाने ठेवलेली असते. जन्मानंतर काही दिवसांत ती आपोआप मिटते. ज्या निळ्या बाळांची ही नलिका उघडी राहते, ती बरी असतात. ती मिटली की त्यांची प्रकृती झपाट्याने ढासळते. मग माणसाने अशी एखादी नलिका मुद्दाम तयार केली तर?

बोस्टनचे डॉ. ग्रॉस यांनी १९३८ साली उघडी राहिलेली नलिका बांधून बंद करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. टॉसिगबाई त्यांच्याकडे गेल्या. पण नलिका बंद करणाऱ्या माणसाला नवी नलिका उघडण्यात रस वाटला नाही. १९४३ साली त्यांनी आपला प्रश्न ब्लॅलॉक आणि थॉमस यांच्यापुढे ठेवला.

इथे एक जुना फसलेला प्रयोग मदतीला आला. नॅशव्हिलला असताना फुप्फुसातील रक्ताचा दाब वाढवून पाहावा म्हणून या दोघांनी कुत्र्याच्या पुढच्या पायाकडे जाणारी रोहिणी वळवून फुप्फुसाच्या रोहिणीला जोडली होती. दाब काही वाढला नाही. प्रयोग निष्फळ म्हणून बाजूला पडला. पण त्यातून एवढे सिद्ध झाले होते की असा जोड टिकतो आणि फुप्फुसही तो सहन करते. बाळाच्या हाताकडे जाणारी रोहिणी अशीच वळवता आली तर फुप्फुसाला जादा रक्त मिळेल आणि त्यातून प्राणवायूही.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. एका वावराचा पाट गाळाने बुजला आणि पीक करपू लागले, तर शेजारच्या पाटाला चारी फोडून तो पाणी आणतो. 'शंट' या शब्दाचा अर्थ तोच. रेल्वेच्या यार्डात डबे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेतात, त्या शंटिंगमधलाच हा शब्द. हाताचे काय होईल, अशी शंका येईल. तर आजूबाजूच्या लहान वाहिन्या हळूहळू रुंदावून हाताला पुरेसे रक्त पोहोचवतात. फक्त त्या मनगटावरची नाडी पुढे मंद लागते, किंवा लागतच नाही.

* * *

कल्पना टॉसिग यांची आणि जबाबदारी ब्लॅलॉक यांची. काम मात्र थॉमस यांच्या अंगावर पडले. प्रथम टॉसिग यांनी जमवलेली सदोष हृदयांची नमुन्यादाखल ठेवलेली संग्रहातील उदाहरणे त्यांनी दिवसच्या दिवस न्याहाळली. चारही दोष कुत्र्यात निर्माण करणे अशक्य होते. पण रक्तात प्राणवायूची तीच कमतरता निर्माण केली तर उपाय पडताळून पाहता येईल, असे त्यांनी ठरवले. ते साधायलाच बराच काळ गेला. मग जोड देण्याची पद्धत बसवणे आले. सुमारे दोनशे कुत्र्यांवर हे प्रयोग झाले. त्यांतील ॲना नावाची कुत्री या शस्त्रक्रियेतून वाचून दीर्घकाळ जगली. तिचे चित्र पुढे हॉपकिन्समध्ये लावण्यात आले. या मुक्या जिवांचे ऋण मानल्याशिवाय ही कथा सांगता येणार नाही.

एवढ्या बारीक रक्तवाहिन्या शिवण्याची हत्यारे तेव्हा बाजारात नव्हती. थॉमस यांनी लांब सुया तोडून आखूड केल्या, त्यांच्या टोकांना पुन्हा धार लावली, चिमटे बदलून घेतले. पटाशीला धार लावणारा सुतार आता सुईला धार लावीत होता.

२९ नोव्हेंबर १९४४ हा दिवस उजाडला. आयलीन नावाची पंधरा महिन्यांची मुलगी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती. वजन जेमतेम चार किलो. ब्लॅलॉक यांनी ही शस्त्रक्रिया माणसावर कधी केलेली नव्हती, आणि प्रयोगशाळेतही ती बहुतांशी थॉमस यांच्याच हातून झालेली होती. थॉमस यांचा त्या दिवशी तिथे जाण्याचा विचार नव्हता. ब्लॅलॉक यांनी माणूस पाठवून त्यांना बोलावून घेतले आणि आपल्या उजव्या खांद्यामागे उभे राहायला सांगितले. एक स्टूल आणण्यात आले. त्यावर उभे राहून थॉमस खाली पाहू लागले. रोहिणी अपेक्षेपेक्षाही बारीक निघाली. टाका पुरेसा जवळ आहे ना, सुई योग्य दिशेने चालली आहे ना, हे ब्लॅलॉक विचारीत आणि थॉमस हलक्या आवाजात उत्तर देत. काही वेळा त्यांनी दिशा चुकते आहे हेही सांगितले. टेबलाभोवती लाँगमायर आणि डेंटन कूली हे तरुण डॉक्टर होते. पुढे दोघेही नामांकित शल्यविशारद झाले. त्या सर्व पदवीधरांच्या मेळाव्यात ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने ज्याला येत होती, तो एकच माणूस होता, आणि त्याला बाळाला हात लावण्याचा अधिकार नव्हता!

आयलीन त्या दिवशी वाचली. काही महिन्यांनी ती पुन्हा निळी पडू लागली. दुसऱ्या बाजूने पुन्हा शस्त्रक्रिया करण्यात आली, परंतु ती फार काळ जगली नाही. तिने दाखवून दिलेली वाट मात्र खरी होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये आणखी दोन मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतला सहा वर्षांचा मुलगा गडद निळा होता. चिमटे सोडताच टेबलावरच त्याचे ओठ गुलाबी झाले. खोलीतल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत मृत्यूचा रंग उतरला आणि जगण्याचा रंग चढला.

मे १९४५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या तीन मुलांची हकिकत प्रसिद्ध झाली. लेखक दोन: ब्लॅलॉक आणि टॉसिग. बातमी जगभर गेली. आईबाप निळी मुले कडेवर घेऊन बाल्टिमोरची वाट धरू लागले. वर्षभरात दोनशेहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. १९४७ साली ब्लॅलॉक आणि टॉसिग युरोपात गेले, लंडनच्या गाइज रुग्णालयात ब्लॅलॉक यांनी शस्त्रक्रिया करून दाखवल्या, मानसन्मान झाले. थॉमस बाल्टिमोरलाच प्रयोगशाळेत होते.

* * *

महाभारतातल्या एकलव्याची आठवण इथे कोणालाही होईल. गुरूने शिकवले नाही, तरी विद्या मिळवली. आणि ती मिळवल्याबद्दल अंगठा द्यावा लागला. थॉमस यांची कथा याहून थोडी निराळी आहे. त्यांचा अंगठा कोणी मागितला नाही. उलट तो हवा होता, रोज हवा होता. त्यांच्याकडून घेतले गेले ते नाव. ज्याचा अंगठा गेला, त्याची तरी कथा गावोगाव सांगितली गेली. ज्याचे नावच कागदावर आले नाही, त्याची कथा कोण सांगणार?

घरखर्च भागेना म्हणून थॉमस अधूनमधून ब्लॅलॉक यांच्या घरच्या मेजवान्यांत मद्याचे पेले भरून देण्याचे काम करीत. दिवसा ज्या तरुण शल्यविशारदांना ते टाके घालायला शिकवीत, त्यांनाच संध्याकाळी पेले देत. पुढे १९४६ पर्यंत ब्लॅलॉक यांच्या रदबदलीने त्यांचा पगार वाढला आणि हॉपकिन्समधल्या साहाय्यकांत तो सर्वांत जास्त झाला. पण शोधनिबंधावर नाव देण्याची बाब वेगळीच राहिली.

डॉक्टर होण्याची इच्छा अजून मेलेली नव्हती. चाळिशीकडे झुकत असताना त्यांनी बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट कॉलेजमध्ये चौकशी केली. उत्तर मिळाले की आजवरच्या कामाची सवलत मिळणार नाही. पहिल्या वर्गापासून सुरुवात करावी लागेल. हिशेब केला तर डॉक्टर होईपर्यंत वयाची पन्नाशी गाठणार होती. त्यांनी तो विचार सोडून दिला. नियम सर्वांना सारखा, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण ज्याची पुंजी बँकेबरोबर बुडाली आणि ज्याच्यासाठी चांगल्या महाविद्यालयांची दारे कातडीच्या रंगावरून बंद होती, त्याच्यापुढे सर्वांसाठी सारखा असलेला नियम ठेवणे हा न्याय आहे काय, याचा विचार आपण पदवीधर होऊ पाहणाऱ्यांनी करण्यासारखा आहे.

थॉमस यांनी मात्र काम सोडले नाही. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांची जन्मतःच अदलाबदल झालेल्या बाळांसाठी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये वाट तयार करण्याची पद्धत त्यांनी प्रयोगशाळेत बसवली. प्राण्यावरचे ते काम ब्लॅलॉक यांनी पाहिले तेव्हा माणसाच्या हाताचा मागमूसही त्यावर दिसेना. हे जणू परमेश्वरानेच घडवले आहे, असे त्यांना वाटले. शल्यविशारदांच्या कित्येक तुकड्या थॉमस यांच्या हाताखाली तयार झाल्या. काळ्या तरुणांनाही त्यांनी प्रयोगशाळेत शिकवून तरबेज केले. त्यांतला एक तर आधी रुग्णालयाची लिफ्ट चालवीत असे.

१९६४ साली ब्लॅलॉक कर्करोगाने वारले. त्यानंतर थॉमस यांच्याकडे शिकून मोठ्या झालेल्या शल्यविशारदांनी वर्गणी काढून त्यांचे तैलचित्र करवून घेतले. २७ फेब्रुवारी १९७१ रोजी त्याचे अनावरण झाले आणि ब्लॅलॉक यांच्या नावाच्या इमारतीत, ब्लॅलॉक यांच्याच चित्राच्या सोबतीने ते लावण्यात आले. एकेकाळी ज्या वास्तूत काळ्या माणसाला हातात झाडू असल्यावाचून कोणी ओळखत नसे, त्याच वास्तूच्या भिंतीवर तो आता कोट घालून उभा राहिला. १९७६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. नियमांच्या अडचणीमुळे ती वैद्यकाची देता आली नाही. कायद्याची देण्यात आली. नियतीचा विनोद असा की आयुष्यभर ज्यांनी हृदये शिवली, ते शेवटी कायद्याचे डॉक्टर झाले! पण शस्त्रक्रिया विभागात अध्यापक म्हणून त्यांची नेमणूकही झाली, आणि ज्यांना ते इतकी वर्षे शिकवीत होते, त्यांना शिकवण्याचा अधिकृत हक्क त्यांना मिळाला.

१९७९ साली ते निवृत्त झाले आणि आत्मचरित्र लिहू लागले. २६ नोव्हेंबर १९८५ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, बाल्टिमोर येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आयलीनच्या शस्त्रक्रियेला तेव्हा एक्केचाळीस वर्षे पुरी व्हायला अवघे तीन दिवस उरले होते. आत्मचरित्र त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रसिद्ध झाले. लेखकाला ते छापील स्वरूपात जगाच्या हाती गेलेले पाहायला मिळाले नाही. २००४ साली त्यांच्या जीवनावर 'समथिंग द लॉर्ड मेड' हा चित्रपट आला आणि सामान्य प्रेक्षकांनाही त्यांचे नाव कळले.

* * *

शस्त्रक्रियेचे पुढे काय झाले? १९५४ साली मिनेसोटात डॉ. लिलेहाय यांनी हृदय उघडून फालोचे दोषच दुरुस्त केले. तेव्हापासून शंट हा शेवटचा उपाय न राहता पहिला टप्पा ठरला. १९७०च्या दशकात जन्मवेळची ती नलिका काही काळ उघडी ठेवणारे औषध हाती आले आणि नवजात बाळाला शस्त्रक्रियेपर्यंत सांभाळणे शक्य झाले. १९८१ साली लंडनच्या डॉ. द लव्हाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताची रोहिणी कापण्याऐवजी दोन रोहिण्यांमध्ये कृत्रिम पदार्थाची बारीक नळी जोडण्याची पद्धत रूढ केली. तीन-चार मिलिमीटर व्यासाची, काडीएवढी नळी! बाळ वाढेपर्यंत ती त्याला जगवते आणि मग मोठी शस्त्रक्रिया करता येते. ज्या बाळांच्या हृदयाची डावी बाजूच अपुरी असते, त्यांच्यावरील शस्त्रक्रियांच्या पहिल्या टप्प्यातही अशीच नळी वापरतात. काही बाळांत आता छाती न उघडता, रक्तवाहिनीतून जाळीची नळी सरकवून ती जन्मवेळची नलिकाच उघडी ठेवतात. पण मूळ विचार तोच: एका पाटाची चारी दुसऱ्या पाटाला जोडणे. जगभरातल्या आणि आपल्या देशातल्याही हृदयशस्त्रक्रिया केंद्रांत हे काम आज चालते.

आणि नाव? अलीकडे वैद्यकाच्या लेखनात 'ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग शंट' असे लिहिण्याचा प्रघात पडत चालला आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय शाळेत विद्यार्थ्यांचे जे गट केले आहेत, त्यांतल्या एकाला टॉसिग यांचे नाव आहे, तर दुसऱ्याला थॉमस यांचे. उशीर झाला, हे खरेच. पण बारशाच्या वेळी विसरलेले नाव पुन्हा घालता येते, एवढे तरी यातून दिसते.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. हृदयाचे कप्पे आणि रोहिण्यांची नावे परीक्षेत आपल्याला कोणी विचारणार नाही. मग हे चरित्र आपण कशासाठी वाचायचे? माझ्या मते अशासाठी की पदवी म्हणजे काय याचा उलगडा इथे होतो. पदवी ही शिकल्याची पावती आहे. पावती हवी, ती मिळवलीही पाहिजे. थॉमस यांनाही ती हवी होती आणि न मिळाल्याचे दुःख त्यांनी जन्मभर वागवले. पण ज्याच्याजवळ पावती नाही त्याच्याजवळ विद्याही नाही, असे मानण्याची खोड आपल्या समाजालाही फार जुनी आहे. ज्यांना शाळेचे दारच उघडले गेले नाही, अशा कितीतरी हातांनी आपली घरे बांधली, मूर्ती घडवल्या, बाळंतपणे केली. त्या हातांची नावे कोणत्या ग्रंथात आहेत?

एखाद्या नवजात बाळाच्या छातीत आज ती बारीक नळी बसते, तेव्हा त्या बाळाला ब्लॅलॉक ठाऊक नसतात, टॉसिग ठाऊक नसतात, थॉमसही ठाऊक नसतात. त्याचे निळे ओठ गुलाबी होतात आणि ते रडू लागते. ही शस्त्रक्रिया कोणाकोणाची, हे सांगण्याचे काम लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसांचे आहे. ते काम तरी आपल्याच शाखेचे आहे.